न घेतलेलं औषध

दात काढून महिने लोटले, तरी म्हाताऱ्या बाईंच्या हिरडीतली खाच भरत नव्हती. उलट आता तिथून जबड्याचं हाड दिसू लागलं होतं.

“मुलगा म्हणतो, माझी हत्यारं घाण होती,” दातांची डॉक्टर सांगत होती. “उद्या तो आईला दुसरीकडे नेऊन शेजारचा हलणारा दातही काढून घेणार आहे. तसं झालं तर आणखी हाड उघडं पडेल.”

समोर बसलेल्या वहिनींनी डोळे चोळले. नवरा गेल्यावर त्याचं खाजगी तपासाचं काम त्यांनीच पुढे चालवलं होतं. मदतीला धाकटा दीर, गणिताचे निवृत्त मास्तर. दिराचं ऐकून सगळेच त्यांना वहिनी म्हणत; त्या दिराला भावजी म्हणत.

“तुमचा संशय कशावर?”

“हाडं बळकट करायची काही औषधं असतात. क्वचित कुणाच्या जबड्याला बाधतात. मग दात काढला की हाड भरून येत नाही, मरतं. पण बाई शपथेवर सांगतात, एकही गोळी घेत नाही. कॅन्सरसाठी जबड्याला किरण दिले तरी असं होतं, पण तेही नाही.”

“म्हणजे कुणीतरी चोरून गोळ्या चारतंय!” भावजी सरसावून बसले.

“भावजी, चहा गार होतोय,” वहिनी म्हणाल्या.

दुपारी दोघं बाईंच्या घरी गेले. बाई गाल धरूनच बोलत होत्या. आतल्या खोलीत नवरा अंथरुणाला खिळलेला. बोलता बोलता बाईंनी त्याला काखेत धरून खुर्चीत बसवलं आणि क्षणभर भिंतीला टेकून कमरेवर हात दाबला.

कपाटात औषधं होती, ती सगळी नवऱ्याची. दोरीवर बाईंचे जुने गाऊन वाळत होते. प्रत्येकाची खालची कड दुमडून नव्या दोऱ्याने शिवलेली.

मुलगा शेजारच्याच रस्त्यावर राहत होता. “आई कधी आजारी पडत नाही,” तो तुटकपणे म्हणाला. “वर्षातून एकदा मावशीकडे राहायला जाते, तेवढा प्रवास सोसत नाही. आल्यावर ताप, अंग ठणकतं. दोन दिवसांत पुन्हा कामाला.”

मावशीकडे जायला बसने अर्धा तासही लागला नाही. मावशी दारातच अडखळली. “ताई येते, गप्पा मारतो, बस. मी आपली तिच्या मागे लागते, पाणी पी, भरपूर पाणी पी...” एवढं बोलून ती एकदम गप्प झाली.

परतताना भावजी म्हणाले, “मावशीच चोर! पाण्यात औषध कालवते.”

“मला आज फार दमायला झालंय,” वहिनी म्हणाल्या. “पण सगळ्यांना दवाखान्यात बोलवा. उद्यावर ढकलता येणार नाही.”

संध्याकाळी सगळे जमले. वहिनी बाईंजवळ बसल्या. “तुम्ही सांगता की मी सांगू?”

बाईंनी मुलाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

“गाऊन लांब होत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “माणूस बुटका होतो. पाठीचे मणके ठिसूळ होऊन दबले की उंची घटते, कंबर धरते. म्हणजे हाडांचा आजार होताच. रोजची गोळी घरात कुणाच्या तरी नजरेला पडली असती. पण वर्षातून एकदाच घ्यायचं औषध?”

“सलाईनमधून देतात ते!” डॉक्टर ताडकन उठली. “आधी भरपूर पाणी प्यायला सांगतात. नंतर बऱ्याच जणांना ताप येतो, अंग दुखतं.”

“अर्ध्या तासाच्या बसने कुणाला ताप येत नाही,” वहिनी म्हणाल्या. “मावशी रुग्णालयात सोबतीला असायची.”

मावशीने मान खाली घातली.

“तुम्ही गोळ्यांचं विचारलंत,” बाई डॉक्टरला म्हणाल्या. “गोळ्या मी घेतच नाही.”

“पण मला का नाही सांगितलंस?” मुलगा ओरडला.

“माझी हाडं अशी आहेत कळलं असतं, तर तू मला यांना उचलू दिलं असतंस? यांना कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेवलं असतंस.”

मुलाने आईच्या कमरेकडे पाहिलं. “हो,” तो म्हणाला. “ठेवलं असतं.”

दुसऱ्या दिवशी दात काढायचं रद्द झालं. डॉक्टरने बाईंना गुळण्यांचं औषध दिलं, जंतुसंसर्गासाठी गोळ्या दिल्या आणि पुढच्या सलाईनचं हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं. “औषध वाईट नाही,” ती म्हणाली. “त्यानेच तुमचा कणा सावरलाय. दात काढण्याआधी मला ठाऊक असायला हवं होतं, एवढंच.”

वडील घरीच राहिले. सकाळी उचलायला माणूस ठेवला, संध्याकाळी मुलगा येऊ लागला. पहिले काही दिवस आई आणि तो एकमेकांशी धड बोलत नव्हते.

पुढे मेलेल्या हाडाचा तुकडा आपोआप सैल झाला. डॉक्टरने तो अलगद काढला आणि हळूहळू हिरडी मिटली.

मुलगा एका दुपारी एकटाच दवाखान्यात आला. माफी मागायची होती. डॉक्टर निर्जंतुक केलेली हत्यारं वाफेच्या यंत्रातून काढत होती.

“माझीही एक दाढ ठणकतेय,” तो शेवटी म्हणाला, आणि खुर्चीत बसून त्याने तोंड उघडलं.