झुकलेली मिनिटं

लातूरच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर एका शिकवणी क्लासच्या चारशे विद्यार्थ्यांच्या चारशे रेघा होत्या. मान झुकली की रेघ खाली जाई, उचलली की वर येई. आज सगळ्याच खाली होत्या.

“डोकं पाच किलोचं,” डॉ. शकुंतला गवारे म्हणाल्या. “पुढे कललं की मानेवर त्याचा भार कित्येक पट होतो. दहा मिनिटं मान खाली राहिली की आपण गळ्यात बांधलेली मानपट्टी थरथरते, मूल वर बघतं. मग तीन महिन्यांत दुखणं वाढलं कसं?”

सहकारी इरफान पटेलने क्लासचं अ‍ॅप उघडलं. “पट्टी ठीक आहे, मॅडम. क्लासने थरथर बंद केलीय. आणि हे बघा.”

‘झुकलेली मिनिटं’ या शब्दांच्या जागी ‘अभ्यासाची मिनिटं’ असं लिहिलं होतं.

शकुंतलाबाई तडक क्लासवर गेल्या. संचालक बिराजदार सर त्यांना वर्गातच भेटले.

“अहो, वाचणाऱ्याची मान खालीच असते की. पालकांना घरबसल्या कळतं, पोरगं बसलंय का नाही. तुमच्यामुळं सोय झाली बघा.”

“आणि विचार करताना छताकडे बघणारं पोरगं?”

“त्याच्या बापाचा फोन येतो.”

“सगळ्यात पुढे कोण?”

“आमची वर्षाराणी. रोजचे एकोणीस तास.” सरांनी अभिमानाने पहिल्या बाकाकडे हात केला.

मुलगी उभी राहिली. हनुवटी छातीला टेकलेली. शकुंतलाबाईंनी पट्टीला हात लावताच ती मागे सरली.

“काढू नका मॅडम. चाचणीत मी नापास झाले. मिनिटं चांगली आहेत म्हणून पप्पांनी इथं ठेवलंय. नाहीतर गावाकडं नेऊन लग्न लावतील.”

“नाही काढत. जरा वर बघ, बाळ.”

“होत नाही.”

“दुखतं?”

“आधी लई दुखायचं. जेवताना, झोपतानासुद्धा मी मान खालीच ठेवायचे ना. परवापासून वर येतच नाही. पण आता सोपं झालंय. पुस्तक मिटलं तरी मिनिटं पडतात.”

बिराजदार सर फोनमध्ये बघू लागले.

मागच्या बाकावर मिनिटांच्या यादीतली दुसऱ्या क्रमांकाची मुलगी बसली होती. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, “वर्षे, तुझी मान अडकायला किती दिवस लागले गं?”