ऋताचा जबाब

"ताई, प्राधिकरण कुठंय हो?"

निगडीच्या बस टर्मिनसवर सकाळी पावणेनऊला हा प्रश्न कानावर पडला, तेव्हा ऋताला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. तिनं वळून पाहिलं. तिशीचा एक तरुण. अंगात कंपनीचा निळा शर्ट, रात्रभर जागून लाल झालेले डोळे, आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद.

"तुम्ही प्राधिकरणातच उभे आहात, या वसाहतीलाच प्राधिकरण म्हणतात," ती म्हणाली. "कुठलं सेक्टर हवंय?"

"सेक्टर?" तो गोंधळला. "नाही हो... पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकतात ना, ते प्राधिकरण. कंपनीत सगळे म्हणाले, प्राधिकरण म्हणजे निगडी. चाकणहून शिफ्ट सुटल्यावर तसाच आलो. अर्धा तास झाला, नुसते बंगलेच बघतोय."

ऋताला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं.

"ते प्राधिकरण पुण्यात आहे. किती वाजता बोलावलंय?"

"साडेदहा."

"पोचाल. या बसमध्ये चढा माझ्याबरोबर. मी तिथंच काम करते."

ती तिथली लघुलेखिका होती. कंत्राटी, चार वर्षं. लोकांनी येऊन सांगायचं आणि तिनं टाइप करायचं, एवढंच काम. पण कुणाला पट्ट्यानं मारलं, कुणाची तक्रार फाडून टाकली, कुणाला पोराच्या देखत शिवी दिली, हे सगळं तिच्या बोटांतून जायचं आणि संध्याकाळी घरी तिच्याबरोबर यायचं. निवृत्त शिक्षक असलेले तिचे बाबा, नंदकिशोर, तिला स्थळं दाखवून थकले होते. 'नाही' म्हणायचंसुद्धा तिच्या जिवावर यायचं. ती नुसती मान हलवायची आणि जेवणाचं ताट उचलायची.

बसमध्ये तो तिच्या उजव्या बाजूला बसला, ती काही बोलली तशी उठला, आणि जागा बदलून डावीकडे न बसता चक्क पुढच्या सीटवर मागे वळून बसला.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला. "त्याचीच तक्रार आहे."

"मग मला सांगू नका," ऋता पटकन म्हणाली. "केसबद्दल आपण बोलायचं नाही. नियम आहे."

"बरं." त्यानं पिशवीतला कागद सारखा केला. "मग काय बोलायचं?"

"काहीच नाही."

"ते जमेल. झोप येतेच आहे मला."

पण पुण्यापर्यंत तो काही झोपला नाही.

त्याचं नाव बुद्धरत्न. ते तिला त्या दिवशी दुपारी कळलं, त्याचा जबाब टाइप करताना. राहणार दापोडी, काम चाकणच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये. वर्षापूर्वी शिफ्ट सुटल्यावर घरी जाताना नाकाबंदीत त्याची गाडी अडवली होती. कागद दाखवूनही गाडी का ठेवून घेता, एवढंच त्यानं विचारलं. चौकीत नेऊन एका अधिकाऱ्यानं कानाखाली मारली. पडदा फाटला. आणि चौकीच्या नोंदवहीत लिहिलं गेलं : 'मद्यधुंद अवस्थेत पडून इजा.'

"मी कधी थेंबही घेतलेला नाही, साहेब," तो अध्यक्षांना सांगत होता. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. "पण ती नोंद कंपनीत पोचली. चार महिने सुपरवायझर गेटवर रोज माझ्या तोंडाचा वास घ्यायचा. सगळी लाइन बघत असायची. माझे वडील म्हणतात, मारलं ते एकवेळ सोडून दे. खोटं लिहिलंय, तेवढं खोडून घे. मला तेवढंच हवंय."

ऋताची बोटं क्षणभर थांबली. मग तिनं ते जसंच्या तसं टाइप केलं.

पुढची तारीख पडली. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. मग आणखी एक तारीख. प्रत्येक तारखेला तो रात्रपाळी करून यायचा आणि निगडीच्या स्टँडवर उभा असायचा. उन्हाळा वाढला, मेट्रोच्या खोदकामाची धूळ रस्ताभर उडायला लागली. तो रुमालानं तिच्यासाठी सीट पुसून ठेवायचा आणि स्वतः मात्र उभा राहायचा.

तिसऱ्या तारखेला कंडक्टरशी त्याचं बोलणं ऐकताना तिला एक गोष्ट कळली.

"चाकणहून दापोडीला तुमच्या कंपनीची थेट बस आहे? भोसरीवरून?" तिनं त्याला विचारलं.

"आहे की."

"तिथून पुणं जवळ. मग निगडीला कशाला येता?"

"पत्ता चुकतो हो माझा."

"तीन तीन वेळा?"

"काय म्हणालात?" त्यानं बहिरा कान पुढे केला. "ऐकू आलं नाही."

"लबाड आहात," ती म्हणाली.

"हे आलं ऐकू." मग जरा अडखळत, "एक विचारू? पहिल्या दिवशी मी तुम्हाला ताई म्हणालो होतो... ते मागे घेता येईल? म्हणजे, कुठं नोंद तर नाही ना झालेली?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कासारवाडी गेली, फुगेवाडी गेली. "नाही," ती शेवटी म्हणाली. "नोंद नाही झालेली."

केसबद्दल मात्र एक अक्षर नाही. बाकी सगळं. लोखंडावरचा मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कसा कळतो ते त्यानं सांगितलं. डोळे मिटून टाइप करताना आपल्याला कधी कधी रडू येतं, हे तिनं सांगितलं. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. एकदा त्यानं आईच्या हातची भाकरी आणि ठेचा आणला. अर्धी भाकरी तिनं बसमध्येच खाल्ली, नाकातून पाणी आलं, आणि दोघं इतके हसले की पुढच्या आजीबाईंनी वळून बघितलं.

आणि या एकत्र येण्यावरूनच पुढे सगळं अडलं.

ऑक्टोबर संपत आला होता. परतीचा पाऊस सकाळपासून चिकटला होता. पाचवी तारीख. समोरचे वकील उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "माझा एक आक्षेप आहे. तक्रारदार आणि या कार्यालयाच्या लघुलेखिका दर तारखेला एकत्र येतात. आज एका छत्रीत आले. जबाबाच्या नोंदीवर आमचा विश्वास राहिलेला नाही."

बुद्धरत्न उठून काही बोलणार, तोच अध्यक्षांनी हातानं त्याला बसवलं. चष्मा काढून त्यांनी ऋताकडे पाहिलं.

"काय म्हणणं आहे तुमचं?"

तिला 'नाही' म्हणता आलं असतं. एकाच बसनं शेकडो लोक येतात, पावसात कुणीही कुणाला छत्रीत घेतं. कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. पण चार वर्षं या खुर्चीत बसून तिनं खोट्या नोंदींनी माणसांचं काय होतं ते पाहिलं होतं. आणि समोर बसलेला माणूस तर एका खोट्या ओळीपायी दीड वर्ष हेलपाटे घालत होता.

"हो," ती म्हणाली. "आम्ही पाच वेळा एका बसनं आलो."

"लिहून घ्या," अध्यक्ष सवयीनं म्हणाले.

लिहून घेणारी तीच होती. तिनं कळफलकावर बोटं ठेवली आणि स्वतःचंच बोलणं टाइप करू लागली.

"या प्रकरणाबद्दल आमच्यात एक शब्दही झालेला नाही. मी जबाबात एक अक्षर बदललेलं नाही. पण..." बोटं थबकली. "...पण मला ते आवडतात. तारखेची मी वाट बघते. हे मी आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं. मला या प्रकरणातून काढावं."

पूर्णविराम देऊन तिनं हात मांडीवर घेतले. वर बघायचा धीर झाला नाही.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी सांगितलं ते नियमाला धरूनच होतं. ऋताला लेखी समज, आवक-जावकच्या टेबलावर बदली. आणि तक्रारदाराचा जबाब दुसऱ्या लघुलेखकाकडून पहिल्यापासून नव्यानं नोंदवायचा.

पहिल्यापासून! ती नाकाबंदी, ती कानाखाली, ते गेटवरचं तोंड उघडणं. ऋतानं तेव्हा कुठं मान वर केली. बुद्धरत्ननं डोळे मिटून घेतले होते. जाताना तो तिच्याकडे न बघताच गेला.

तिनं त्याला फोन केला नाही. काय सांगणार होती? खरं बोलले, म्हणून तुझी वाट आणखी लांबली? निगडीच्या स्टँडवर आता कुणी उभं नसायचं. ती बसमध्ये चढायची, जी मिळेल त्या सीटवर बसायची, आवकचे शिक्के मारायची आणि घरी यायची. तारखा होतच राहिल्या. तो भोसरीमार्गे येत असावा. दालनाचं दार बंद असायचं. आतून त्याचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, आवाजाचा थकवा तेवढा कळायचा.

असे सात महिने गेले.

जूनमधल्या एका सकाळी तिच्या टेबलावर निकालाच्या प्रती आल्या. तिचं काम होतं पाकिटात घालून रवाना करायचं. वरच्या प्रतीवर त्याचं नाव होतं. तिनं ती वाचली नाही. घडी घातली, पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला.

"पोस्टानं नको," कुणीतरी म्हणालं. "हातीच द्या."

तो टेबलासमोर उभा होता. शिफ्टवरून आलेला, आधीपेक्षा वाळलेला. तिनं रजिस्टर पुढे केलं, त्यानं सही केली, पाकीट तिथंच फोडलं. वाचून झाल्यावर कागद तिच्याकडे वळवला.

अधिकाऱ्याची खात्यामार्फत चौकशी व्हावी, अशी शिफारस. आणि त्याखाली : तक्रारदारानं मद्यप्राशन केल्याचा कोणताही पुरावा नाही, सबब नोंदवहीतील ती नोंद दुरुस्त करण्यात यावी.

"नुसती शिफारस आहे," तो म्हणाला. "चौकशी कधी लागेल, काय होईल, देव जाणे. तो साहेब कधीच बदलून गेला. पण ती ओळ गेली."

"गेली," ऋता म्हणाली.

"मला तुझा राग आला होता. दोन महिने तर फार." 'तुझा' म्हणाला, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. "पहिल्यापासून सगळं सांगताना वाटायचं, कशाला बोलली ही? मग एकदा अण्णांना, वडिलांना, सांगितलं. ते म्हणाले, अरे, जी आपल्या विरुद्ध जाईल ती गोष्टसुद्धा खरी लिहितात, अशी माणसं त्या चौकीत असती तर तू कशाला भांडत बसला असतास? त्यानंतर राग धरायचा फार प्रयत्न केला. जमेना..."

"मग भेटायला का नाही आलास?"

"केस चालू होती. तुझी नोकरी गेली असती." त्यानं कागदाची घडी घातली. "आता मी इथला कुणी नाही. म्हणून सांगतो. मला तू पाहिजेस, ऋता. पण मी फार दमलोय गं. गोडगोड बोलायला काही सुचत नाहीये."

"नको बोलूस," ती म्हणाली. आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच तिनं अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

दापोडीतलं घर रेल्वेमार्गालगतच्या गल्लीत होतं. अण्णासाहेबांनी चष्मा लावून निकाल उभ्यानंच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा मोठ्यानं वाचला. 'कोणताही पुरावा नाही' या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं. त्याच्या आई केसरबाईंनी डोळ्याला पदर लावला, ऋताच्या हातात चहा दिला आणि शेजारी येऊन बसल्या.

"रत्ना समदं सांगतो तुझं. पर पोरी, तुझ्या घरी ठाव हाय का?"

"नाही, आई."

"मग आधी तिथं सांग. चोरून काय नगं. आमी चोरून काय करत न्हाई."

ऋतानं फोन काढला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. तिनं एका दमात सांगून टाकलं : आज रजा घेतलीय, दापोडीत आहे, बुद्धरत्नच्या घरी आहे, आणि हे मी मैत्रिणीच्या घरी असते तसं नाहीये, बाबा.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "कोण हा बुद्धरत्न?"

तिनं कॉटकडे पाहिलं. बूटसुद्धा न काढता तो आडवा झाला होता, भिंतीकडे तोंड करून. श्वास संथ झाला होता. बाहेरून गाडी धडधडत गेली, खिडकीची काच हलली, तरी तो जागचा हलला नाही.

"सांगते ना, बाबा. सगळं सांगते," ती म्हणाली. "पण जरा हळू बोलते हं... त्याचा आत्ताच डोळा लागलाय."