दहापैकी नऊ

“मी नऊ म्हणाले, आणि नऊच म्हणणार!” खुर्चीत टेकायच्या आतच ती बोलली. “पण ताई, माझा रंग बिघडला कसा, ते शोधून द्या.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. हेरबाई, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे पेन्सिलीला टोक करत होत्या.

आलेली बाई रंगांच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. साहेबांनी भर बैठकीत दोघा उमेदवारांना विचारलं, अडचण सोडवण्यात स्वतःला दहापैकी किती द्याल? सोनेरी चष्म्यामुळे सगळे ज्याला सोनचष्मा म्हणत, त्या सहकाऱ्याने लाजत सहा सांगितले. तिने नऊ. मग परीक्षा ठरली: ग्राहकाने पाठवलेला राखाडी रंग हुबेहूब बनवून पत्र्याच्या पट्टीवर लावून दाखवायचा.

“संध्याकाळी प्रकाशपेटीत पट्टी नमुन्याशेजारी धरली, तेव्हा तसूभर फरक नव्हता. सकाळी सगळ्यांसमोर, त्याच पेटीत, माझी पट्टी लालसर, आणि सोनचष्म्याची हुबेहूब! साहेब म्हणतात, उद्या बैठकीत ‘माझे पाचच’ म्हणून कबूल करा, तरच नोकरी राहील.”

“म्हणून टाका की,” मास्तर कळवळले. “पडतं घेतलं म्हणून काय बिघडतं?”

“अहो, चपला घाला,” हेरबाई म्हणाल्या. “निघायचंय.”

कारखान्यातली प्रकाशपेटी म्हणजे एका बाजूने उघडं, आतून करडं खोकं. छताला दिवसासारखा उजेड देणारी नळी. हेरबाईंनी दिवा बंद करून छतावरून बोट फिरवलं. काळं झालं. दुसरं बोट नळीवरून फिरवलं. स्वच्छ.

“झाडणाऱ्याने निम्मंच पुसलंय,” मास्तर म्हणाले.

“हो का?” त्यांनी काळं बोट मास्तरांच्या रुमालाला पुसलं.

साहेब तुटकपणे बोलले. “या खोलीला कुलूप नसतं. निकाल पेटीतच, हा नियम. पट्ट्या माझ्या कपाटात आहेत.”

“त्यांचे नऊ तुम्हाला झोंबले?” हेरबाईंनी विचारलं.

“बाईमाणसाने स्वतःची आरती स्वतःच ओवाळावी? शोभतं का?”

सोनचष्मा मात्र मधाळ होता. “मी पेटीकडे फिरकलोसुद्धा नाही हो. आपलं जुनं वळण, खिडकीशी बसून उघड्या उजेडात जुळवलं. बाईंचा हात चांगलाय, पण गर्वाचं घर खाली!”

परतताना मास्तर म्हणाले, “साहेबच. डोळ्यांत सलतेय ती त्यांच्या.”

“सलणं वेगळं, करणं वेगळं.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पेटीच्याच खोलीत बैठक बसली. हेरबाईंनी नमुना आणि दोन्ही पट्ट्या मागितल्या आणि थेट खिडकीशी नेल्या.

“अहो, नियम—” साहेब उठले.

“नियमाने पाहून झालं. आता डोळ्यांनी पाहा.”

तिची पट्टी नमुन्यात विरघळून गेली. सोनचष्म्याची हिरवट दिसत होती.

“एका उजेडात जुळे वाटणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात परके होतात,” हेरबाई म्हणाल्या. “पेटीतली नळी बदललीय. छतावर धूळ, नळीवर कणही नाही. पांढरी दिसते, पण उजेड दिवसाचा नाही. बाईंची पट्टी संध्याकाळी जुन्या नळीखाली जुळली, सकाळी नव्या नळीखाली फसली.”

“पण बदलली कुणी?” मास्तरांना राहवेना.

“साहेबांना स्वतःची पट्टी कुठे जुळवायची होती? हे सोनेरी चष्मेवाले म्हणतात, खिडकीशी जुळवली. मग खिडकीशी जुळायला नको? ती जुळते फक्त या नव्या नळीखाली. नळी पेटीत यायच्या आधी हा उजेड कुणापाशी होता? ज्याने त्या उजेडात पट्टी बनवली, त्याच्यापाशी.”

सोनचष्म्याने चष्मा काढला आणि पुसतच राहिला.

साहेब खाकरले. “जागा तुमची, बाई. पण यापुढे सात म्हणत चला. ऐकायला बरं वाटतं.”

“परीक्षा ऐकायला बरं वाटण्याची नव्हती, साहेब,” ती म्हणाली. “त्या सकाळीच पट्टी खिडकीशी न्यायला हवी होती. मला सुचलं नाही. त्याचा एक गुण मीच कापते. उरले नऊ.”

तिने पेटीतली नळी फिरवून काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

“ही बदलून आणा. पुढचा रंग खोळंबलाय.”