दहाव्या दिवसाचा गोळा

मासा धरणं म्हणजे पाहुण्याला लळा लावणं, असं व्यंकट टेम्पोच्या अड्ड्यावर छाती फुगवून सांगायचा. नऊ दिवस एकाच जागी, एकाच वेळी फुकट खाऊ घालायचं आणि दहाव्या दिवशी त्याच घासात गळ लपवायचा. गुडघ्याला बाशिंग बांधून येणाऱ्यांच्या नशिबी नुसत्या चिंगळ्या!

यंदा हट्ट सृष्टीचा होता. बारावा वाढदिवस, आणि पोरीला कटल्याचं कालवण हवं होतं. व्यंकटनं कंधारजवळच्या तलावात चारा टाकायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवसापासून पोरगी जेवेनाशी झाली. ताटावर बसायची, "पोट भरलंय" म्हणून उठायची. कंधारच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही, नांदेडच्यांनाही नाही. आठव्या दिवशी तिनं अंथरूण धरलं. आता मोठा कटला मिळाला तर निदान दोन घास खाईल, एवढ्याच आशेवर बाप जगत होता.

चाऱ्याची कणीक घरचीच असायची. मळून ठेवलेल्या गोळ्यावर तीन बोटं उमटवायची, ही बायकोची, तारामतीची रीत, आणि सृष्टीनंही ती उचलली होती. तिचं मधलं बोट कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं, त्यामुळे तिनं मळलेली कणीक लगेच ओळखू यायची: दोन पुरे ठसे आणि मधे एक अर्धा. व्यंकट मात्र ते ठसे पुसून गोळा गुळगुळीत करायचा. बोटांच्या खाचांत पाणी शिरलं की गोळा फुटतो, असा त्याचा हिशोब. मग पोरीचं नाव घेऊन तो रोज एक गोळा पाण्यात सोडायचा.

दहाव्या दिवशी दुपारी त्यानं तारामतीनं मळलेला गोळा नेहमीसारखा गुळगुळीत करून गळाला लावला. वारा पडला होता. कुजक्या शेवाळाचा वास नाकात बसला होता. "माझ्या सृष्टीच्या नावानं," म्हणत त्यानं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, पाण्यात सोडला.

किराणा दुकानवाले गुरुपादप्पा पूजेचा वाळका बेल पाण्यात सोडायला आले होते. ते जवळ येऊन उभे राहिले.

"कितवा दिस, व्यंकट?"

"दहावा, अप्पा. आज सोडत न्हाई त्याला."

"आन् नाव पोरीचं कामून घेतलंस?"

"रोजच घेऊन राहिलो. लेकराच्या नावानं यश येतंय."

अप्पांच्या हातातला बेल तसाच राहिला. "आमच्या लिंगायतांत पिंड न्हाई, आम्ही माती देतो. पण तुमच्यात... गुळगुळीत गोळा, पाण्याचा काठ, दहा दिस... आन् वर माणसाचं नाव. हे कुणासाठी करतेत रे?"

व्यंकटला आधी हसू आलं. मग बायको कणकेवर बोटं का उमटवते, ते त्याला आठवलं. नुसत्या गोळ्याचा पिंड होतो, म्हणून. लग्न झाल्यापासून तो हे ऐकत आला होता आणि बायकांचं खूळ म्हणून सोडून देत होता.

तो गळाच्या काठीवर झेपावला. तेवढ्यात तंगूसाला तरंगायला बांधलेलं मोरपीस सरळ पाण्याखाली गेलं.

ओढ होती, पण माशाची नव्हती. हिसका नाही, तडफड नाही. कुणीतरी हात धरून चालावं तसा तंगूस संथपणे खोल पाण्याकडे जात होता. खिशात फोन वाजू लागला.

"अप्पा... वढू का?"

"मला न्हाई ठावं, बाबा..."

ओढावं तर काय वर येईल, आणि सोडावं तर काय खाली जाईल? काठी धरून तो लहान पोरासारखा रडू लागला. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. आयुष्यात इतका लाचार तो कधीच झाला नव्हता.

एकाएकी तंगूस सैल पडला. गळ वर आला तेव्हा गोळा जसाच्या तसा होता, विरघळलासुद्धा नव्हता. त्यावर तीन ठसे होते, दोन पुरे आणि मधला अर्धा. गोळा हातात घेऊन त्यानं फोन कानाला लावला.

"अहो, कवाची फोन करून राहिले!" तारामती आनंदानं रडत होती. "पोरगी उठली बघा! लई भूक लागली म्हणती. सोताच कणीक मळायला बसलीय!"

"तारा... सृष्टीच हाय ना ती?"

"आता काय बोलावं तुम्हाला! समोर तर बसलीय माझ्या." मग तिचा आवाज बारीक झाला. "फकस्त... बोटं उमटवून न्हाई राहिली. नुसता गोळा गुळगुळीत करून राहिली. मी उमटवली, तर पुसून टाकली... आन् माझ्याकडं बघून हसली..."

व्यंकटच्या तळहातावर गार गोळा होता. त्यातला मधला, अर्धा ठसा हळूच आणखी खोल गेला.