शिंगाळ्याचं शून्य

खाडीतून वर आलेल्या शिंगाळ्यानं शेपटी झटकली आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात सांगितलं, “विषारी द्रव्य शून्य.”

शिंगाळा हा यंत्रमासा. खाडीभर फिरून पाणी तपासायचं, एवढंच त्याचं काम. पण पाणी स्वच्छ, तर चिखलात उड्या मारणारे निवटे मासे गेले कुठे? दोन वर्षांपूर्वी त्या द्रव्यावर बंदी आली, तेव्हा ते परततील असं आत्याच म्हणाली होती. ईरा रोज शाळेतून आली की बांधावर बसून वाट बघायची. आता तिला रडूच यायला लागलं होतं.

“आत्या, तुझा मासा थापा मारतो!”

शुभदाआत्या पर्यावरणशास्त्रज्ञ. ती पायरीवर डोकं धरून बसली होती. “नाही गं. खरंच बोलतोय तो. पण जे नाव दिलंय, तेवढंच शोधतो.”

तिनं गळ्यातली मण्यांची माळ काढली. “हा समज त्या द्रव्याचा रेणू (पदार्थाचा गुण टिकवणारा सर्वांत लहान कण). इतका चिवट, की त्याचं विघटन (तुटून साधे घटक होणं) होतच नाही. रेनकोटवरून पाणी घसरावं म्हणून तो वापरायचे. बंदी आल्यावर कारखान्यांनी माळेतले दोन मणी कमी केले. नवा रेणू, नवं नाव. चिवटपणा तोच.”

“मग त्याच्यावरही बंदी घाल ना!”

आत्या हसली, पण त्यात जीव नव्हता. “बंदी सरकार घालतं. पाण्यात काय आहे, त्यानं काय होतं, हे शोधून समितीपुढे मांडायचं काम आमचं. नव्या द्रव्याचा तात्पुरता परवाना संपतोय, उद्या कायमच्या परवान्याची सुनावणी आहे. विचारतील, निवटे यानंच गेले का? मला खरं सांगावं लागणार, की अजून खात्रीनं माहीत नाही. मग सगळे हसणार. खात्री होईपर्यंत तिसरं द्रव्य बाजारात. कंटाळले मी, ईरा. उद्या जातच नाही.”

आत्या गेली नाही, तर निवट्यांची बाजू मांडणार कोण?

ईरा म्हणाली, “आमच्या वर्गातही अस्संच झालं. काच फुटली म्हणून बाईंनी चेंडू बंद केला. आम्ही पेरू फेकायला लागलो. पेरू बंद झाले, तर प्रणितनं कंपासपेटी फेकली.”

“मग?”

“मग बाई वैतागल्या. म्हणाल्या, ‘आता वर्गात काहीच फेकायचं नाही. आणि फेकायचंच असेल, तर काच फुटणार नाही हे आधी तुम्ही मला पटवून द्या.’”

आत्यानं माळ पुन्हा गळ्यात घातली. “इतकी वर्षं मी हेच जड भाषेत सांगतेय. एकेक नाव नको, अशा रेणूंचं सगळं कुटुंब धरा. आणि पुरावा विकणाऱ्यानं आणायचा.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. संध्याकाळी परतली, ती चपला काढायचंही विसरून खुर्चीत कोसळली.

“बंदी आली?”

“नाही. पण परवाना अडवलाय. आधी कारखान्यानं सुरक्षितता दाखवायची. आणि साऱ्या कुटुंबासाठी नियम करायचाय, त्याला आम्हाला बोलावलंय. तुझी कंपासपेटी ऐकून अध्यक्षांनी चष्मा काढून ठेवला.”

“मग निवटे येतील?”

“माहीत नाही,” आत्या म्हणाली. “पण आज माझ्या ‘माहीत नाही’ला कुणी हसलं नाही. कुणालाच खात्री नाही, म्हणूनच तर परवाना अडला.” बोलता बोलताच तिचा डोळा लागला.

ईरानं तिच्या चपला हळूच काढून ठेवल्या. मग बांधावर जाऊन शिंगाळ्याला नवं काम दिलं, “एकच नाव नको. माळेतले सगळे भाऊबंद शोध.”

शिंगाळा वर आला, तेव्हा शून्य म्हणाला नाही. ईराला भीती वाटली, आणि बरंही वाटलं. आता काय शोधायचं, ते कळलं होतं.