आभारातून सुटलेलं नाव

संस्कृती फोन संपवून सभागृहात आली आणि दारातच थबकली. पाहुण्यांचा सत्कार उरकलासुद्धा होता! डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, हातात नारळ, टाळ्यांचा कडकडाट... आणि पाहुणे तर अजून मंचरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. आत्ताच तर बोलली होती ती त्यांच्याशी.

मग हा कोण?

फेट्याखालचा चेहरा तरुण, सावळा आणि भलताच खुशीत. पहिल्याच नजरेत तो तिला आवडला, असं काही समजू नका. पहिल्या नजरेत तिला त्याचा गळा धरावासा वाटला.

कारणही तसंच होतं. पुण्याच्या विद्यापीठातल्या पत्रकारिता विभागाची ही व्याख्यानमाला यंदा नारायणगावात भरवायची, हा हट्ट तिथं शिकणाऱ्या संस्कृतीचाच. ज्या पोरींना घरून पुण्याला पाठवत नाहीत, त्यांनीही मोठे पत्रकार ऐकावेत म्हणून ती विभागप्रमुख सोनवणे मॅडमच्या मागे हात धुवून लागली होती. मॅडम शेवटी म्हणाल्या, "पहिलं व्याख्यान बघू. फसलं, तर बाकीची सगळी पुण्यात." आणि आता मॅडम पहिल्या रांगेतून तिच्याकडेच बघत होत्या.

ती लगबगीनं व्यासपीठावर चढली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"कोण हो तुम्ही?"

"मी गोकुळ वारुळे. वारूळवाडीचा. 'शिवार वार्ता' नावाचं बातम्यांचं चॅनल हाय माझं, मोबाईलवरचं. कार्यक्रमाची बातमी घ्यायला आलोय."

"मग फेटा कशाला बांधून घेतलात?"

"त्यांनी बांधला! आमच्याकडं पत्रकार दिसला की फेटा बांधतात, ताई. लग्न असू द्या, नाय तर पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. मला वाटलं, नेहमीचंच हाय."

झालं होतं असं, की सभागृह ज्या संस्थेचं, तिच्या अध्यक्षांना, कुंडलिकरावांना, हातात माईक असलेला माणूस दिसला आणि त्यांनी त्याला धरून खुर्चीत बसवला. आता त्यांनीच खड्या आवाजात पुकारलं, "पाहुण्यांनी मार्गदर्शन करावं!"

संस्कृतीचे डोळे भरून आले. गोकुळनं ते पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"पाहुणं येईस्तोवर वेळ काढायचाय ना?"

"हो, पण तुम्ही—"

"भाषण मला बापजन्मी जमायचं न्हाई. प्रश्न तेवढं जमतात. तुमी बसा समोर."

त्यानं माईक घेतला. "मंडळी, खरं पाहुणं वाटेत हायेत. मी फुकटचा फेटेवाला!" सभागृह खदखदून हसलं, कुंडलिकराव उगाचच खोकले. "तवर ह्या संस्कृती वाघ यांची मुलाखत घेऊ, पत्रिकेत नाव-गाव हाय त्यांचं. पिंपळवंडीची पोरगी या धंद्यात का आली, ऐका."

संस्कृतीनं घसा साफ केला. "समाजाचं प्रबोधन करणं हे माध्यमांचं..."

"हे पुण्याचं झालं," तो हळूच म्हणाला. "खरं सांगा की."

ती गोंधळली. त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता... वाट बघत होता. आजवर तिच्या उत्तराची अशी वाट कुणी पाहिली नव्हती.

"आमच्या वस्तीवर बिबट्या आला होता," ती म्हणाली. "आईनं पाहिला, अगदी गोठ्यापाशी. दुसऱ्या दिवशी कॅमेरे आले, आणि मुलाखत झाली सरपंचांची! बिबट्या आला तेव्हा ते लग्नाला गेले होते. आई दारात पदर सावरून उभीच राहिली. तिला कुणी विचारलंच न्हाई, राव. तवाच ठरवलं, आपण विचारायचं."

बोलता बोलता तिची बोली कधी बदलली, तिलाही कळलं नाही. मागच्या बाकावरच्या एका पोरीनं हात वर केला. मग दुसरीनं. प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. खरे पाहुणे सयाजी इनामदार आले, तेव्हा त्यांना दारातच उभं राहून ऐकावं लागलं. "इथूनच पुढं बोलतो," ते म्हणाले आणि फार सुंदर बोलले.

मॅडमनी जाताना तिच्या पाठीवर हात ठेवला. "पुढची सगळी इथंच."

जिन्यात तिनं गोकुळला गाठलं. "तो नारळ पाहुण्यांचा आहे. आणि शालही."

"पुढच्या वेळी आणतो."

नाहीच आणला. पुढच्या व्याख्यानाला म्हणाला, आईनं देवापुढं ठेवलाय. त्याच्या पुढच्याला म्हणाला, घाईत राहिला. पण स्वतः मात्र न चुकता यायचा. कॅमेरा वक्त्याकडे आणि नजर सूत्रसंचालन करणाऱ्या हिच्याकडे! तिलाही साडी नेसताना उगाच वेळ लागू लागला. तो दिसेपर्यंत ती पाहुण्यांचा परिचय लांबवत राही, आणि पाहुणे बिचारे स्वतःचं कौतुक ऐकून लाजत.

शेवटचं व्याख्यान द्राक्षांच्या हंगामात झालं. आभार संस्कृतीनं मानले. मॅडमचे, अध्यक्षांचे, मांडववाल्याचे, चहावाल्या लंकाबाईंचे... शिपाईमामांपर्यंत सगळ्यांचे. गोकुळ कान टवकारून बसला होता. त्याचं नाव काही आलं नाही.

बाहेर तो बॅगेची चेन जोरजोरात ओढत होता. तोंड एवढंसं.

"रागावलात?"

"छे. चहावाल्या मावशींचंबी नाव घेतलं. आमी कोण? तुमचं काम झालं, आता तुमी पुण्याला, आमी आमच्या टाक्यांच्या उद्घाटनाला."

"मुद्दामच नाही घेतलं."

"का?"

संस्कृतीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. 

"आभार परक्या माणसाचे मानतात, गोकुळ. घरच्यांचे मानायचे नसतात... मला तुम्ही आवडता. लई आवडता."

बॅगेची चेन अर्ध्यातच राहिली.  गोकुळच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग..." तो कसाबसा म्हणाला, "तो नारळ परत द्यायला घरी आलो तर चालंल का? आईला घेऊन येतो."

संस्कृती हसली. डोळे पुन्हा त्या दिवशीसारखेच भरले होते.

"शाल विसरू नका. आणि माझ्या आईलाही एखादा प्रश्न विचारा."