गाठ कुणाची?

"औषध मना मिलायचं व्हतं. त्या बाईनं पलवलं!" हेमांगीनं फाइल खासगी गुप्तहेर भार्गवी गोखल्यांच्या टेबलावर आपटली.

हेमांगी मुरुडच्या कोळीवाड्यातली. तिच्या दोन्ही कानांच्या नसांवर गाठी होत्या. कॅन्सर नव्हे, साध्याच. पण साध्या गाठीनं डावा कान कायमचा नेला होता. उजवा वाचवायचा तर मुंबईत चाचणीवर असलेलं नवं औषध हवं. जागा एकच, आणि तीही गाठीत एक ठरावीक जीन चालू असेल तरच. हेमांगीच्या मांडीवरची तसलीच गाठ काढून मुंबईला पाठवली. अहवाल आला: जीन बंद. जागा मिळाली वाडीवाल्या सरोजिनीबाईंच्या मुलाला, देवव्रतला. त्याच्याही कानांत असल्याच गाठी.

"नशीब, दुसरं काय," भार्गवीचा सहायक जीवन म्हणाला.

"अहवाल पूर्ण वाचलास?"

"शेवटचं पान वाचलं. निकाल तिथंच असतो."

"आधीच्या पानावर वाय गुणसूत्रावरचा एक जीन जोरात चालू आहे."

"असेल. शेकडो आहेत." जीवननं जांभई दिली. अशा माणसाला पगार देणं ही भार्गवीची एकमेव उधळपट्टी.

गाठी काढल्या त्या दवाखान्यातला तंत्रज्ञ विहंग दारातूनच गुरकावला. "नावं पाकिटांवर असतात, नळ्यांवर नाही. दोघांची पाकिटं एकाच खोक्यात. मी ती भरली, तिच्या भावानं खोका बांधला. त्याला विचारा!" मुंबईला पोचलेल्या खोक्याचा फोटो त्यानं मोबाइलवर दाखवला. नायलॉनची दोरी, पीळ देऊन टोक आत खोचलेलं.

भाऊ विनेश जाळं विणत होता. "बांदला मीच. गारी येईपरत चाय प्यायला गेलू, तवा ती बाई थितंच बसलेली. आन माजी गाठ आपसूक सुटत न्हाय!"

सरोजिनीबाई वाडीत विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. केळीच्या सोपटाच्या वाळक्या पट्टीला पीळ, टोक आत.

"गाठ नाही मारत?" जीवननं विचारलं.

"सोपट तुटतं. एवढंही ठाऊक नाही? तिचं नशीब खोटं, त्याला मी काय करू? निघा!"

दुसऱ्या दिवशी भार्गवीनं सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. देवव्रत आईशेजारी बसला.

"वाय गुणसूत्र पुरुषातच असतं," भार्गवी म्हणाली. "हेमांगीच्या नावानं तपासलेली गाठ पुरुषाची होती. देवव्रतच्या अहवालात वायचा मागमूस नाही. नळ्या बदलल्या."

"विहंगनं!" जीवन ओरडला.

"तो पाकिटं भरतानाच बदलू शकला असता. दोरी सोडून परत बांधायची त्याला गरज नव्हती. कोळी दोरीला गाठ मारतो. नायलॉनला पीळ देऊन टोक खोचतो तो सोपटाला सरावलेला हात. सरोजिनीबाई, सवय नडली."

"हो, केलं!" त्या उसळल्या. "पुण्यात आधी तपासलं तेव्हा त्याचा जीन बंद निघाला होता; वाटलं, तिचा तरी चालू निघेल. म्हटलं, औषध पोटात गेलं की थोडा तरी गुण येईल. आई आहे मी!"

"औषध ज्या जीनवर चालतं तोच बंद, तर गुण कुठून येणार? आणि त्यापायी तुम्ही त्याचं कान वाचवणारं ऑपरेशन पुढे ढकललंत."

हेमांगीनं उजवा कान पुढे केला. "माजी जागा?"

"मुंबईला कळवलंय. अदलाबदल झाल्याचं त्यांना पटलं. जागा तुमची."

"तुजं वाटोलं होवो," हेमांगी सरोजिनीबाईंना म्हणाली आणि तिथंच रडायला लागली.

देवव्रत मघापासून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"आई," तो नको इतक्या मोठ्यानं म्हणाला, "लिहून दे ना. काय म्हणतायत त्या?"